शिबिराचा मंडप एकट्याने उभारताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय, म्हणजे उपकल्पनीय अध्याय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासिला आहे. वमन-विरेचनास आरंभ करण्यापूर्वी वैद्याने कोणकोणती सामग्री सिद्ध ठेवावी, याचा तपशील तेथे येतो. परीक्षेच्या दृष्टीने आपण त्यातील औषधी, पात्रे आणि परिचारक यांची यादी पाठ केली. परंतु त्या यादीच्या आरंभी आचार्यांनी गृह सांगितले आहे, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. ते गृह दृढ असावे, निवात असावे, तथापि त्याच्या एका बाजूने वारा खेळता असावा, आत सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांचा उपद्रव तेथे पोहोचू नये, असा त्या वर्णनाचा भावार्थ आहे. ते उभारण्याचे काम आचार्यांनी वास्तुविद्येत कुशल असलेल्या माणसाकडे सोपविले आहे.

आज आपल्यापैकी अनेकजण वर्षातून चार-सहा वेळा तरी असे एक गृह स्वतःच्या हातांनी उभारतात. आषाढी वारीच्या वाटेवरील सेवा, आठवडी बाजारातील तपासणी, धन्वंतरी जयंती, शाळेच्या पटांगणातील सुवर्णप्राशन, औषधनिर्मात्यांचे प्रदर्शन अशा सर्व प्रसंगी घडीचा मंडप हेच आपले आतुरालय असते. बाजारात त्यास ‘गझिबो’ किंवा ‘कॅनोपी’ म्हणतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, चार पायांचा, छत्रीप्रमाणे मिटणारा हा सांगाडा मोटारीच्या मागील भागात मावतो आणि मांडववाल्याची वाट पाहावी लागत नाही. सोय मोठी आहे. मात्र ज्या माणसाने तो उभारायचा, तो वास्तुविद्येत कुशल नसून नाडीपरीक्षेत कुशल असतो. बहुधा तो एकटाच असतो, आणि मंडप पुरता उभा राहण्यापूर्वीच समोर रुग्णांची रांग लागलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पालखी मार्गावरील एका गावी शाळेच्या मैदानात आमचे शिबिर होते. सहायक औषधांचे खोके आणण्यासाठी मागे थांबला होता. मी एकट्यानेच मंडप उघडला, पाय उंच केले आणि टेबल मांडले. खुंट्या व दोर पिशवीतच होते. रांगेत पंधरा-वीस वारकरी उभे होते. ‘आधी एवढे रुग्ण पाहू, मग दोर बांधू’ असा विचार केला. तोच विचार आजही मला टोचतो.

चौथा रुग्ण तपासत असताना पश्चिमेकडून वाऱ्याचा एक झोत आला. मंडप हातभर वर उचलला गेला, कुशीवर वळला आणि त्याचा एक पाय रांगेतील वृद्ध स्त्रीच्या मनगटावर आदळला. गुडघ्यास लावण्यासाठी तेल मागायला ती आली होती. मनगटाचे हाड मोडले. मी धावलो तेव्हा जमिनीवर बसल्या बसल्या तिने मलाच विचारले, “माउली, तुम्हांला नाही ना लागलं कुठं?”

तिचा हात प्लास्टरमध्ये गेला, पुढे यथाकाल तो जुळलाही. पण मुलाने तिला त्याच संध्याकाळी एस.टी.ने गावी परत नेले. पंढरपूर तेथून थोड्याच मजलांवर राहिले होते. तिची त्या वर्षीची वारी चुकली, ती माझ्या हातून चुकली. त्या दिवसापासून मी मंडपाकडे सामान म्हणून पाहणे सोडले. ज्याच्या खाली रुग्ण बसतो, ते चिकित्सेचे अंग आहे. त्यास पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म हे तिन्ही लागू होतात.

वाताचे बल

कर्मांकडे वळण्यापूर्वी प्रकोपक हेतू समजून घेणे युक्त होईल. मंडपाचा मुख्य वैरी वारा आहे, आणि त्याचे बल वेगाच्या प्रमाणात न वाढता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद छताचे क्षेत्र नऊ चौरस मीटर भरते. एवढ्या कापडावर वारा पूर्णपणे सापडला असे धरून स्थूल हिशेब केल्यास ताशी २० किलोमीटर वेगाला सुमारे १७ किलो वजनाइतका जोर येतो. ताशी ४० किलोमीटरला तोच सुमारे ६८ किलो, आणि ६० किलोमीटरला दीडशे किलोच्या घरात जातो. पोलादी सांगाड्याचा नेहमीचा मंडप साधारणतः २० ते ३० किलो वजनाचा असतो, ॲल्युमिनियमचा त्याहून हलका. तेव्हा मोकळा मंडप झुळुकीत स्थिर दिसला तरी पहिल्या जोरदार झोतात तो उचलला जाणार, हे गणितानेच सिद्ध आहे. तो किती जड वाटतो यावर विसंबू नये. खांद्यावर वाहून आणताना तो जड वाटतो, वाऱ्याला वाटत नाही.

पूर्वकर्म : सामग्री व स्थान

पहिली सामग्री म्हणजे वजने. प्रत्येक पायास किमान २० किलो, अर्थात एकूण ८० किलो वजन हाताशी असल्याखेरीज मंडप पिशवीतून काढू नये. एवढे वजन सोबत वाहून नेण्याचे कारण नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून वीस लिटरचे चार रिकामे कॅन न्यावेत व शिबिरस्थळी भरून घ्यावेत. पाण्याची टंचाई असल्यास सिमेंटची रिकामी पोती वाळूने एक-तृतीयांश भरावीत. तेवढी वाळू साधारण १८ ते २० किलो भरते. विटा, दगड, टेबलाचे पाय किंवा औषधांचे खोके ही वजने नव्हेत. खोके दिवसभरात रिकामे होत जातात, आणि ऐन दुपारी, वारा वाढण्याच्या वेळी, ते सर्वांत हलके असतात.

खुंट्यांचा भरवसा भूमी पाहून ठरवावा. मुरमाड किंवा घट्ट मातीत हातभर लांब लोखंडी खुंटी चांगली धरते. काळ्या कसदार जमिनीचा स्वभाव वेगळा आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगून मऊ होते, आणि दोन्ही अवस्थांत खुंटी सैल पडते. डांबरी रस्ता, फरशी व सिमेंटचे अंगण यांत तर खुंटी जातच नाही. म्हणून खुंटी ही वजनाच्या जोडीला असावी, वजनाऐवजी नसावी. खुंटी ठोकण्यापूर्वी जमिनीखालून नळ किंवा विजेची तार गेली आहे काय, हे शाळेच्या शिपायास अथवा जागेच्या मालकास अवश्य विचारावे.

स्थान निवडताना प्रथम वर पाहावे. उभ्या मंडपाचे शिखर दहा-अकरा फुटांवर जाते आणि सांगाडा धातूचा असतो. विजेच्या तारांखाली किंवा त्यांच्या लगत मंडप उघडूच नये. वाळलेल्या फांद्यांखालील सावलीचा मोहही टाळावा. नंतर खाली पाहावे. पावसाळ्यात वाहत्या पाण्याची खूण, म्हणजे वाळूची रेघ किंवा साचलेला पालापाचोळा, जेथे दिसेल ती जागा सोडावी. अखेरीस दिशा पाहावी. आषाढात आपल्या पठारावर वारा प्रायः पश्चिम व नैर्ऋत्येकडून वाहतो. म्हणून मंडपाची पाठ पश्चिमेस व तोंड पूर्वेस असावे. असे केल्याने दुपारचे तिरपे ऊनही रुग्णाच्या अंगावर येत नाही. एखाद्या इमारतीच्या आडोशास मंडप लावल्यास उत्तम. मात्र दोन इमारतींमधील बोळात वारा कोंडून अधिक जोराने येतो, तेथे लावू नये.

प्रधानकर्म : एकट्याने उभारणी

दोन माणसे असतील तर समोरासमोर उभे राहून सांगाडा ओढतात व काम मिनिटा-दोन मिनिटांत होते. एकट्याने तेच करू गेल्यास एक बाजू पूर्ण उघडते, दुसरी मिटलेली राहते आणि कैचीच्या पट्ट्या वाकतात. एकट्याच्या पद्धतीचे सूत्र असे आहे की कोणतीही बाजू एका दमात पूर्ण करावयाची नाही. थोडे येथे, थोडे तेथे, असे फिरत फिरत काम करावे. अभ्यंग जसा सर्वांगास समप्रमाणात करतो, तसेच हे आहे.

मिटलेला सांगाडा नियोजित जागेच्या मध्यावर उभा करावा. चारही वजने दोरासह चार कोपऱ्यांच्या अंदाजे जागी आधीच मांडून ठेवावीत. सांगाड्याचा एक कोपरा पायाच्या वरच्या भागास धरून, किंचित उचलून, दोन पावले मागे न्यावा. मग समोरील कोपऱ्याशी जाऊन तेवढेच मागे न्यावे. नंतर उरलेले दोन कोपरे. अशा दोन-तीन फेऱ्यांत सांगाडा पाऊण उघडतो. ज्या मंडपाला मध्ये शिखराचा दांडा असतो, तेथे आत उभे राहून दोन्ही हातांनी तो वर रेटल्यास चारही पाय आपोआप बाहेर सरकतात. कैचीच्या सांध्यांना मात्र हात लावू नये. पट्ट्या मिटताना व उघडताना तेथे बोट सापडले तर नख सोलून निघते. सरळ भागच धरावा. आसपास बालके असल्यास त्यांस काम संपेपर्यंत दूर बसवावे.

सांगाडा पाऊण उघडल्यावर, पाय अजून ठेंगणे असतानाच, छताचे कापड घालावे. नवखा माणूस येथे हमखास चुकतो. तो सांगाडा पूर्ण उंच करतो व मग स्टुलावर चढून कापड फेकू पाहतो. कापड वाऱ्यात शिडासारखे फुगते व माणूस स्टुलावरून पडतो. ठेंगण्या सांगाड्यावर हेच काम जमिनीवर उभे राहून होते. वारा ज्या बाजूने येत असेल तिकडील दोन कोपरे प्रथम बसवावेत आणि त्यांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात, नंतर उरलेले दोन. कापडाचे चारही कोपरे सांगाड्याच्या कोपऱ्यांवर नेमके बसले आहेत, याची खात्री करून पुढे जावे. कापड तिरके बसले तर छत ताणले जात नाही. अशा छतावर पावसाचे पाणी साचते, त्याचा विचार पुढे येईल.

आता सांगाडा पूर्ण उघडावा. प्रत्येक पायावर एक सरकती कडी असते. पायाच्या तळपट्टीवर आपले पाऊल ठेवावे, एका हाताने पायाचे वरचे टोक धरावे आणि दुसऱ्या हाताने कडी वर रेटावी. खटका बसल्याचा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यावयास हवा. आवाज आला नाही तर तो कोपरा लागला असे समजू नये. चौथा कोपरा नेहमी अडतो. कारण बहुधा असे असते की एखादा पाय आत राहिलेला असतो. जोर करण्यापूर्वी चारही पाय पाहून तो बाहेर ओढावा, म्हणजे कडी सहज चढते.

यानंतरची पायरी हा या लेखाचा गाभा आहे. मंडप अजून कमरेएवढाच आहे, वाऱ्यास पकडण्याजोगी उंची त्यास आलेली नाही. याच वेळी चारही वजने बांधावीत, त्यातही वाऱ्याकडील दोन प्रथम. दोर सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्यास बांधून सरळ खाली आणावा व वजनास जोडावा. उंची वाढल्यावर तो पुरेल इतका लांब ठेवावा. वजन जमिनीवर टेकलेले असावे. हवेत लोंबणारे वजन झोक्यासारखे हलते व कोणाच्या तरी नडगीवर आदळते. दुसऱ्या आखूड दोराने ते पायाच्या तळाशीही जखडावे.

वजने बांधल्यानंतरच उंची वाढवावी. पायांना दोन किंवा तीन टप्प्यांची छिद्रे असतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे दोन पाय प्रथम एक टप्पा वाढवावेत, मग वाऱ्याकडील दोन, आणि याच क्रमाने पुढील टप्पा. या क्रमास कारण आहे. वाऱ्याकडील कड ठेंगणी असताना छत वाऱ्याकडे उतरते होते, त्यामुळे वारा त्यास खाली दाबतो. तीच कड आधी उंच केली तर वारा छताखाली शिरून त्यास उचलतो. पाय वाढविताना कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या बळाने उठावे. कटिशूलाच्या रुग्णास आपण हेच सांगतो. सर्व टप्पे झाल्यावर कोपऱ्यांवरील दोर पुन्हा ताणून घ्यावेत. जमिनीत खुंट्या घ्यावयाच्या असल्यास त्यांचे डोके मंडपापासून बाहेर कललेले असावे. बाहेर आलेल्या प्रत्येक दोरावर पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, कारण आपल्या रांगेत मंददृष्टी वृद्ध असतात.

हे सारे सवयीच्या हाताने पंधरा मिनिटांत होते. प्रथमच करणाऱ्यास अर्धा तास लागेल, म्हणून पहिला प्रयोग शिबिरात न करता आपल्या अंगणात करावा.

कनाती, फलक व छताचा रंग

आचार्यांचे गृह निवात, परंतु एका बाजूने वारा खेळणारे आहे. कनाती लावताना हेच प्रमाण मानावे. तीन बाजू बंद करून उघडी बाजू वाऱ्याकडे ठेवल्यास मंडपाची पिशवी होते व वारा तीत भरतो, याहून घातक रचना नाही. उघडी बाजू वाऱ्याच्या विरुद्ध असावी. वारा वाढताच पहिले काम कनाती काढण्याचे. स्त्रीरुग्णांच्या तपासणीसाठी आडोसा हवा असतोच, तो मंडपाच्या पायांना न बांधता वेगळ्या घडीच्या पडद्याने करावा.

औषधनिर्मात्यांस येथे एक नम्र सूचना करावीशी वाटते. आपण मोठ्या उदारतेने शिबिरांस मंडप भेट देता आणि त्यावर आपल्या औषधांचे फलक लावता. तो फलक दोन पायांमध्ये ताणून बांधला की त्याचे शीड होते व वाऱ्याचे बल वाढते. फलक छताच्या झालरीवरच छापावा किंवा स्वतंत्र चौकटीवर उभा करावा. भेट दिलेल्या प्रत्येक मंडपाबरोबर चार वजनपिशव्या व एक पानभर मराठी सूचनापत्र द्यावे. मंडपाच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

छताच्या रंगाबाबतही वैद्याचा आग्रह असावा. रंगीत कापडातून गाळून येणारा प्रकाश खाली बसलेल्या प्रत्येकास आपला रंग देतो. पिवळ्या छताखाली कामलेचा पीतनेत्र रुग्ण सहज निसटतो. निळ्या छताखाली निरोगी माणसाचे ओठही नीलवर्ण भासतात आणि पांडूचा अंदाज चुकतो. दर्शनपरीक्षा हे ज्याचे साधन आहे, त्याने पांढरे छतच घ्यावे. पांढरे कापड ऊनही कमी शोषते. तरीही छताखालील उष्णता बाहेरच्या सावलीहून अधिक असू शकते, हे ध्यानी धरून औषधे मांडावीत. गुग्गुळकल्प उष्णतेने मऊ होऊन एकमेकांस चिकटतात. लवणभास्करासारखी लवणयुक्त चूर्णे आणि यवक्षारासारखे क्षार दमट हवेत ओल धरतात. म्हणून बरण्या बंद ठेवाव्यात, लागेल तेवढाच साठा टेबलावर मांडावा आणि उरलेला खोक्यात, जमिनीपासून वर ठेवावा.

अग्नीविषयी तडजोड नसावी. ही छते बहुधा कृत्रिम धाग्यांची असतात. पेटल्यास ती वितळून थेंबाथेंबाने अंगावर पडतात. अग्निकर्माची शलाका तापविणे, नाडीस्वेदाची शेगडी, क्वाथाचा स्टोव्ह, धूपन यांपैकी काहीही मंडपाखाली करू नये. ती जागा मंडपापासून दहा-पंधरा फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी.

उपद्रव : पाऊस व वीज

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने दहा मिलिमीटरच्या एका सरीत आपल्या छतावर ९० लिटर पाणी पडते. छत ताणलेले असेल तर ते वाहून जाते. सैल असेल तर कोपऱ्यांजवळ खोलगट भाग होतो, त्यात पाणी साचते, त्या भाराने खोलगटपणा वाढतो आणि आणखी पाणी साचते. हा क्रम सांगाडा मोडेपर्यंत थांबत नाही. उपाय सोपा आहे. पाऊस सुरू होताच मागील दोन पाय एक टप्पा उतरवावेत, म्हणजे छतास उतार मिळतो. साचलेले पाणी आतून केरसुणीच्या दांड्याऐवजी तळहाताने किंवा कापड गुंडाळलेल्या काठीने हळूच वर लोटावे. टोकदार काठीने छत फाटते.

वाऱ्याचा वेग मोजण्यास यंत्र लागत नाही. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो. येथे दोर तपासावेत. धूळ व सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की तो २० ते २८ असतो. येथे कनाती काढाव्यात, रांग मंडपाबाहेर घ्यावी आणि पाय उतरवावेत. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली की २९ ते ३८. त्यापूर्वीच मंडप मिटलेला असावा. चार पायांस २० किलो बांधलेले असले तरी वादळात मंडप धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. झोत एका बाजूने आला की उलटण्याचा सारा भार वाऱ्याकडील दोनच पायांवर पडतो. मंडपाचा खांब हातांनी धरून उभे राहणे ही तर शुद्ध आत्मघातकी सवय आहे.

मेघगर्जना ऐकू येताच सर्वांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. मंडप विजेपासून मुळीच रक्षण करीत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची सूचना देते. शिबिरास निघणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या भ्रमणध्वनीत ते असावे.

या उपद्रवाचा विचार आता अधिक अगत्याचा झाला आहे. राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होत असे. त्या सुमारास पाऊस बहुधा सरलेला असतो. २०२५ पासून हा दिन २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस होऊ लागला. आपल्याकडे सप्टेंबरअखेर म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर काळे ढग, वारा आणि विजा. त्या दिवशी राज्यभर शिबिरे भरतात. म्हणून ती शक्यतो सकाळच्या सत्रात घ्यावीत आणि जवळच्या शाळेची एक खोली आधीच मागून ठेवावी.

पश्चात्कर्म

मंडप उतरविण्याचा क्रम उभारणीच्या नेमका उलट आहे. प्रथम वाऱ्याकडील पाय उतरवावेत, मग दुसरे. सर्व पाय ठेंगणे झाल्यावर कड्यांचे खटके सोडावेत, सांगाडा पाव मिटवावा, छत काढावे. वजने सर्वांत शेवटी, सांगाडा मिटण्याच्या क्षणी सोडावीत. दिवसभराच्या श्रमानंतर माणूस घाईत असतो आणि जड वस्तू आधी उचलाव्यात असे त्यास वाटते. पण छत उभे असताना वजने सोडली, तर सकाळी सांभाळलेले सारे संध्याकाळी व्यर्थ जाते.

ओले छत घडी करून ठेवू नये. बुरशी लागते व पाणी न शिरू देणारा थर सुटतो. नाइलाजाने ओले आणावे लागलेच तर दुसऱ्या दिवशी सावलीत पसरावे. सांध्यांतील माती पुसावी, सैल पेच आवळावेत, वाकलेली पट्टी तत्काळ बदलावी. पिशवीत एक पाना, दोन सुटे सांधे, हातोडी आणि जादा दोर कायम असावा. या पिशवीवर मी एक पांढरी चिठ्ठी शिवून घेतली आहे. तीवर एवढेच लिहिले आहे : ‘उभारताना वजन आधी, उतरविताना वजन शेवटी.’

रुग्ण आपल्या मंडपात येतो तेव्हा तो छताकडे पाहत नाही. ते आपण पाहिले असेल, असे तो गृहीत धरतो. औषधाच्या मात्रेविषयी त्याचा जो विश्वास असतो, तोच या चार पायांविषयीही असतो. यापुढे रांग कितीही मोठी असो, चौथे वजन बांधून होईपर्यंत पहिल्या रुग्णास थांबावयास सांगावे. पंधरा मिनिटे थांबण्यास कोणीही वारकरी नाही म्हणत नाही, हा माझा त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीचा अनुभव आहे.

इत्यलम्.